एमएस: अटॅक थांबला म्हणजे आजार थांबला का?

खानापूरच्या_बाई

नमस्कार मंडळी. परवा इथल्या एका धाग्यावर कुणी लिहिलं होतं, ‘बहिणीला एमएस निघालाय, पण वर्षभर काही त्रास नाही म्हणून गोळ्या बंद केल्या.’ ते वाचल्यापासून जीवाला चैन नाही. चार ओळींच्या उत्तरानं भागणार नाही म्हणून वेगळा धागा काढते. एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंचा आजार. अटॅक म्हणजे त्याचा उठाव, हृदयाचा नव्हे. मी डॉक्टर नाही. खानापूर तालुक्यात मराठी शाळेत विज्ञान शिकवते आणि हा आजार माझ्या अंगात आहे. वाचून, विचारून, पडताळून जे कळलं ते लिहिते. औषधाचा निर्णय तुमच्या न्यूरोलॉजिस्टबरोबरच घ्या.

माझी सुरुवात कुंकवापासून झाली. सकाळी देवपूजेला बसले होते, करंड्यातलं कुंकू विटकरी दिसायला लागलं. उजवा डोळा झाकला की विटकरी, डावा झाकला की लालभडक. डोळा फिरवला की आत ठणकायचं. एका ठिकाणी ‘नंबर वाढलाय’ म्हणून चष्मा बदलून दिला. महिन्याभरात रंग परत आले आणि मी विसरून गेले. पुढं दीड वर्षानं दिवाळीत रांगोळीला मान खाली घातली, तर मानेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत करंट गेला. मान वर केली की बंद, खाली घातली की परत. त्या वेळी बी-१२ ची इंजेक्शनं झाली, आणि ‘ताण आहे, लग्न ठरवा, बरं होईल’ असा सल्ला आईला मिळाला. नंतर डावा पाय ओढायला लागला तेव्हा कुठं एमआरआय झाला. विटकरी कुंकवापासून निदानापर्यंत दोन वर्षं गेली. या काळात माझ्या डोक्यात जे तुटलं ते आजचं कुठलंच औषध जोडू शकत नाही. मला सांगायचंय ते एवढंच, पण ते पटावं म्हणून जरा मुळापासून लिहिते.

मेंदूतून निघणाऱ्या चेतातंतूवर मायलिन नावाचं चरबीदार वेटोळं असतं. मोटारीच्या केबलवरचं प्लास्टिक, असं उदाहरण सगळे देतात. मीही वर्गात देते, पण ते अर्धंच खरं आहे. मायलिन सलग नसतं, मध्ये मध्ये बारीक फटी असतात आणि संदेश एका फटीतून पुढच्या फटीत उड्या मारत जातो. म्हणूनच जाड मायलिनवाल्या तंतूतून संदेश सेकंदाला १०० मीटरपर्यंत धावतो. मायलिन नसलेल्या बारीक तंतूत तोच सेकंदाला मीटरभर सरकतो. शिवाय हे वेटोळं बनवणारी पेशी आतल्या तंतूला खाऊपिऊ घालते. तिचं नाव ऑलिगोडेंड्रोसाइट. एकेक पेशी डझनावारी तंतूंना वेटोळी पुरवते, त्यामुळं एक मेली तर किती जणांचा घास जातो बघा.

एमएसमध्ये आपल्याच प्रतिकारशक्तीच्या पेशी, मुख्यतः टी आणि बी पेशी, रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत ओलांडून आत शिरतात आणि मायलिनला शत्रू समजतात. जिथं हल्ला होतो तिथं सूज येते, मायलिन सोलवटतं, मागं कडक व्रण राहतो. १८६८ साली पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को यांनी हे विखुरलेले व्रण आणि जिवंतपणीची लक्षणं यांची सांगड घातली. आजाराच्या नावातला ‘स्क्लेरोसिस’ म्हणजे तोच कडकपणा.

आता महत्त्वाचं. सूज ओसरली की संदेश पुन्हा जायला लागतो. उघड्या पडलेल्या तंतूवर संदेश पुढं ढकलणारी सोडियमची नवी दारं तयार होतात, थोडं मायलिन परत चढतं, मेंदू दुसऱ्या वाटेनं काम काढून घेतो. म्हणून कुंकू परत लाल दिसतं, आणि आपण म्हणतो, गेला आजार. पण १९९८ मध्ये क्लीव्हलँडच्या ब्रूस ट्रॅप यांच्या गटानं मृत रुग्णांच्या मेंदूतले व्रण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. सूज असलेल्या ताज्या व्रणात एका घन मिलिमीटरमागं ११ हजारांहून जास्त तंतू आरपार तुटलेले निघाले. मायलिन सोललेलं नव्हे, तंतूच तुटलेले. त्यातल्या काही रुग्णांचा आजार अगदी थोड्या दिवसांचा होता. मायलिन परत येऊ शकतं, तुटलेला तंतू येत नाही. त्यात मेंदूतले बरेच डाग मुके असतात. आपल्याला एक अटॅक जाणवतो तोवर एमआरआयवर पाच-दहा नवे डाग होऊन गेलेले असू शकतात.

हे झालं लाटांचं, म्हणजे येऊन जाणाऱ्या अटॅकचं. दुसरी गोष्ट निखाऱ्याची. काही व्रण विझतच नाहीत. त्यांच्या कडेला मेंदूच्या स्वतःच्या संरक्षक पेशी, म्हणजे मायक्रोग्लिया, लोह पोटात घेऊन धुमसत बसतात. खास एमआरआयवर ती काळी कड दिसते. तो व्रण वर्षानुवर्षं हळूहळू पसरतो. अटॅक एकही नाही, पण दोन वर्षांपूर्वी जिना न थांबता चढत होतो आणि आता कठडा धरावा लागतो. लाटा आणि निखारा बहुधा पहिल्या दिवसापासून बरोबरच चालतात. आजची बहुतेक औषधं लाटा अडवण्यात तरबेज आहेत, निखाऱ्याला ती फार कमी पोचतात. म्हणूनच लाटा लवकर अडवणं एवढंच सध्या आपल्या हातात आहे, आणि ‘त्रास नाही’ याचा अर्थ आजार गेला असा नाही, औषध काम करतंय असा असू शकतो.

ज्यांनी गोळ्या थांबवल्यात त्यांनी कृपा करून लिहा. आणि गोळी कुठली होती ते आधी सांगा. फिंगोलिमोड असेल तर घाई आहे.

निपाणीकर

बाई, ती बहीण माझीच. गोळी फिंगोलिमोडच. बंद करून दोन महिने झाले. गेल्या चार दिवसांपासून हात बधिर आहे म्हणतेय. आम्हाला वाटलं तंबाखूच्या पानांचे गठ्ठे बांधून झालं असेल. काय करू? राहिलेल्या गोळ्या घरात आहेत, चालू करू का परत?

खानापूरच्या_बाई

दादा, नको. स्वतःहून सुरू करू नका. आत्ताच तिच्या डॉक्टरांना फोन लावा, ते नसतील तर दवाखान्यात घेऊन जा आणि सांगा, ‘फिंगोलिमोड दोन महिन्यांपूर्वी थांबवलं, आता नवा बधिरपणा आहे.’ हेच वाक्य सांगा.

कारण सांगते. हे औषध मायलिनखाऊ पेशींना मारत नाही, त्यांना शरीरातल्या लसिकागाठींमध्ये कोंडून ठेवतं. दार उघडलं की सगळ्या एकदम बाहेर पडतात. थांबवल्यावर दोन ते चार महिन्यांत आजार आधीपेक्षा जोरात उसळलेला पुष्कळ रुग्णांत दिसलाय. आणि पंधरा दिवसांच्या वर खंड पडला असेल तर परत पहिल्या गोळीसारखं धरायचं. पहिल्या गोळीला हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून सहा तास दवाखान्यात बसवून बघतात. घरी देऊ नका.

निपाणीकर

फोन लागला. उद्या सकाळी बोलावलंय. निघतोय.

टिळकवाडीचे_आजोबा

बाई, तुमचं लिखाण दोनदा वाचलं. एक शंका आहे, चुकीची असली तर सोडून द्या. आमच्या लहानपणी पिसाळलेलं कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. मी घेतलीत, शहापुरात असताना. बेंबीच्या भोवती रोज एक, जागा बदलून, आणि पोट दगडासारखं व्हायचं. आमच्या गल्लीतल्या एका मुलाला ती घेतल्यावर दहा-बारा दिवसांनी दोन्ही पाय गेले, लघवी तुंबली. लोक म्हणाले कुत्र्याचं विष चढलं. पण तो जगला, सहा महिन्यांनी काठीवर चालायलाही लागला. रेबीज झालेला माणूस जगत नाही. मग ते काय होतं? तुम्ही लिहिलंत ‘आपल्याच पेशी मायलिनला शत्रू समजतात’, आणि मला एकदम तो मुलगा आठवला.

खानापूरच्या_बाई

आजोबा, शंका अगदी नेमकी आहे. मी स्वतः हे वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. तो मुलगा मी बघितलेला नाही, पण तुम्ही सांगता ते चित्र त्या लशीच्या ओळखीच्या दुष्परिणामाशी तंतोतंत जुळतं.

ती लस डेव्हिड सेंपल या ब्रिटिश डॉक्टरांची. १९११ साली कसौलीच्या संस्थेत त्यांनी ती तयार केली. रेबीजचा विषाणू मेंढीच्या मेंदूत वाढवायचा, तो मेंदू वाटून, फेनॉलनं विषाणू मारून त्याचं पाणी टोचायचं. म्हणजे प्रत्येक इंजेक्शनबरोबर मेंढीचं मायलिन पोटाच्या कातडीखाली जायचं. बहुतेकांना काही झालं नाही, आणि रेबीजपासून कितीतरी जीव त्या लशीनं वाचवले. हेही लिहायला पाहिजे, नाहीतर आजच्या लशींबद्दल उगीच भीती पसरेल. पण काही जणांच्या प्रतिकारशक्तीनं त्या परक्या मायलिनविरुद्ध हत्यार उचललं आणि मेंढीचं मायलिन व माणसाचं मायलिन यात तिला फरक करता आला नाही. मग मेंदू-मज्जारज्जूला सूज, पाय लुळे, लघवी बंद. आपल्या देशात ती लस २००५ च्या सुमारास कायमची थांबली. आताची लस पेशींच्या संवर्धनात वाढवतात, तिच्यात मेंदूचा अंश नसतो आणि ती दंडात चार-पाच वेळा घेतली की झालं. कुत्रं चावलं तर ती न घाबरता घ्यावी.

आता याचा एमएसशी संबंध. पाश्चरच्या काळापासून ही दुखणी दिसत होतीच. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत थॉमस रिव्हर्स यांनी ठरवलं की दोष विषाणूचा की मेंदूच्या अंशाचा ते बघायचं. १९३३ आणि १९३५ मध्ये त्यांनी माकडांना निरोगी सशाच्या मेंदूचा अर्क पुन्हा पुन्हा टोचला. विषाणू काहीच नव्हता, तरी काही माकडं लुळी पडली आणि त्यांच्या मेंदूत मायलिन सोललेलं निघालं. पुढं तोच प्रयोग उंदरांवर होऊ लागला आणि एमएसच्या औषधांची पहिली परीक्षा आजही बऱ्याचदा तिथंच होते.

एक औषध तर त्याच प्रयोगातून उलटं निघालं. इस्राएलच्या वाइझमान संस्थेत मायकल सेला, रूथ आर्नोन आणि द्वोरा टायटलबाउम मायलिनमधल्या प्रथिनासारखं दिसणारं कृत्रिम प्रथिन बनवत होते. त्यानं प्राण्यांत आजार होईल अशी अपेक्षा होती. झालं उलटंच, आजार दबला. ते आजचं ग्लॅटिरामर. १९९६ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. मी स्वतः तीन वर्षं ते टोचून घेतलंय, मांडीवर अजून खड्डे आहेत.

आजोबा, तुमच्या पोटातल्या त्या चौदा सुयांना या आजाराच्या इतिहासात मोठी जागा आहे.

टिळकवाडीचे_आजोबा

साठ वर्षं डोक्यात असलेला प्रश्न सुटला. त्याच्या आईला लोकांनी काय काय बोलून घेतलं होतं. आता ती नाही.

कॅम्पातला_फार्मासिस्ट

औषधांचा विषय निघालाय तर काउंटरच्या या बाजूनं थोडं लिहितो. नातेवाईक विचारतात, ‘एवढी नावं का? एकच चांगलं द्या की.’

१९९३ पर्यंत अटॅक आला की स्टेरॉइडचं सलाईन, एवढंच होतं. रोज एक ग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन, तीन ते पाच दिवस. ते आजही देतात, पण त्यानं सूज लवकर उतरते, पुढचा अटॅक अडत नाही. १९९३ मध्ये इंटरफेरॉन बीटा आलं, पहिलं अडवणारं औषध. अटॅक साधारण एक-तृतीयांशानं कमी. टोचल्यावर तापासारखं अंग मोडून यायचं, तरी लोक घ्यायचे, कारण दुसरं काही नव्हतंच.

पुढची उडी नॅटालिझुमॅबची. पेशींना मेंदूची भिंत ओलांडायला जो हुक लागतो तोच ते झाकून टाकतं. २००४ च्या शेवटी बाजारात आलं आणि तीन महिन्यांत काढून घेतलं, कारण दोन रुग्णांत जेसी नावाच्या झोपलेल्या विषाणूनं मेंदूत उचल खाल्ली. पहारेकरी आत जाऊच दिले नाहीत तर चोरालाही मोकळं रान मिळतं. २००६ मध्ये अटी घालून परत आणलं. आता रक्तात जेसीच्या अँटीबॉडी तपासूनच देतात. मी हे मुद्दाम सांगतो, कारण ‘जोरदार’ औषध म्हणजे काय ते यातून कळतं.

गोळ्या २०१० पासून. पहिली फिंगोलिमोड, मग टेरिफ्लुनोमाइड, मग डायमिथाइल फ्युमरेट. या तिन्ही आता भारतीय कंपन्या बनवतात, म्हणून आपल्याकडच्या घरांना झेपतात तरी.

सगळ्यात मोठा बदल बी पेशींचा. पूर्वी सगळा दोष टी पेशींवर होता. २००८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या स्टीफन हॉसर यांच्या गटानं १०४ रुग्णांवर रिटक्सिमॅबची चाचणी केली. हे मुळात कॅन्सरचं औषध, बी पेशी संपवणारं. बारा आठवड्यांतच नवे डाग जवळजवळ थांबले. गंमत अशी की रक्तातल्या अँटीबॉडी तेवढ्या लवकर उतरतच नाहीत. म्हणजे बी पेशी नुसत्या अँटीबॉडी बनवून घात करत नव्हत्या, टी पेशींना ‘हा बघ शत्रू’ असं दाखवून चिथवत होत्या. तिथूनच ओक्रेलिझुमॅब आलं, २०१७ मध्ये. सुरुवातीपासून हळूहळू वाढत जाणाऱ्या प्रकारासाठी मान्य झालेलं ते पहिलंच औषध.

ओक्रेलिझुमॅबचा खर्च बहुतेकांच्या आवाक्याबाहेर. पण रिटक्सिमॅब आपल्या देशात २००७ पासून बनतंय. स्वीडनच्या एका चाचणीत, २०२२ मध्ये निकाल आला, दोन वर्षांत रिटक्सिमॅबवाल्यांपैकी ३ टक्क्यांना अटॅक आला आणि फ्युमरेटवाल्यांपैकी १६ टक्क्यांना. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एमएससाठी क्लॅड्रिबीन, ग्लॅटिरामर आणि रिटक्सिमॅब यांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. हे औषध लिहून दिलं तर ‘कॅन्सरचं का देताय?’ म्हणून भांडू नका. मात्र त्याआधी कावीळ बी आणि टीबीची तपासणी झालीच पाहिजे, आणि घ्यायच्या लशी आधी घेऊन टाकायच्या.

वडगावची_वहिनी

बाई, मला गेल्या वर्षी निदान झालं. दोन लेकी आहेत. त्यांना होईल का? सासूबाई म्हणतात तुझ्या माहेरचंच आहे. आणि मला अजून मूल हवं होतं तर चालेल का?

अथणीची_न्यूरो

वहिनी, मी अथणीची, सध्या मिरजेत न्यूरॉलॉजीत शिकतेय. सासूबाईंना हे वाचून दाखवा.

हा आजार रंगसूत्रातून सरळ उतरत नाही. एकसारख्या जुळ्यांत सगळी जनुकं एकच असतात, तरी एकाला एमएस असेल तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण चारात एकाच्या आसपासच राहतं. मुलांना धोका इतरांपेक्षा जास्त असतो, पण तो २-३ टक्के, म्हणजे शंभरातल्या ९७ मुलांना होत नाही. जोखीम वाढवणारी दोनशेहून अधिक जनुकीय जागा सापडल्यात. सगळ्यात वजनदार, प्रतिकारशक्तीशी संबंधित एचएलए गटातली, तीही धोका तिपटीच्या आसपास नेते. कुणाच्या ‘माहेरचं’ असं काही नाही.

मग ठिणगी कुठली? जानेवारी २०२२ मध्ये हार्वर्डच्या गटानं अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक जवानांच्या साठवलेल्या रक्तावरून उत्तर दिलं. एमएस झालेल्या ८०१ जणांपैकी आजाराआधी एपस्टाइन-बार विषाणूचा संसर्ग नसलेला फक्त एक निघाला. संसर्गानंतर धोका ३२ पट. त्याच महिन्यात स्टॅनफर्डच्या गटानं दाखवलं की या विषाणूच्या एका प्रथिनाचा तुकडा आणि मेंदूतल्या ग्लायलकॅम नावाच्या प्रथिनाचा तुकडा इतके सारखे दिसतात की एकासाठी बनलेली अँटीबॉडी दुसऱ्याला चिकटते. आजोबांच्या मेंढीसारखीच ओळखीची चूक, फक्त इथं परका पदार्थ लाळेतून येतो.

पण हा विषाणू शंभरातल्या पंच्याण्णव मोठ्या माणसांत असतो, आणि एमएस त्यातल्या अगदी थोड्यांना होतो. म्हणजे विषाणू लागतोच, पण तो एकटा पुरत नाही. जनुकं, ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता, सिगारेट, किशोरवयातला लठ्ठपणा, असं बरंच जुळावं लागतं. आपल्याकडे बहुतेकांना तो लहानपणीच होऊन जातो. उशिरा, कॉलेजच्या वयात झाला तर जास्त घातक ठरतो. आपल्याकडे आजार कमी दिसण्यामागं हे एक कारण मानतात. कमी म्हणजे नाहीच असं नव्हे. मंगळुरूत डॉ. लेखा पंडित यांच्या गटानं मोजलं तेव्हा लाखामागं साधारण आठ रुग्ण निघाले.

मूल होऊ शकतं. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, अटॅक कमी होतात. बाळंतपणानंतरचे तीन महिने सांभाळावे लागतात. काही गोळ्या मात्र गर्भाला घातक आहेत, टेरिफ्लुनोमाइड तर शरीरात महिनोन्‌महिने राहतं. म्हणून आधी डॉक्टरांना सांगून, मग दिवस.

आणि एक गोष्ट सगळ्यांसाठी. आपल्याकडे एमएस म्हणून आलेल्यांत काही जण निघतात एनएमओचे, म्हणजे न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या वेगळ्या आजाराचे. डोळा जातो, पाय जातात, बघायला तसंच. पण तिथं अँटीबॉडी ॲक्वापोरिन-४ नावाच्या पाण्याच्या दारावर बसते. २००४ मध्ये ती सापडली. एमएसची इंटरफेरॉन, फिंगोलिमोडसारखी औषधं एनएमओमध्ये आजार वाढवतात. दोन्ही डोळे एकदम गेले, दृष्टी फारच गेली, उचकी-उलटी दिवसेंदिवस थांबेना, किंवा मज्जारज्जूतला डाग तीन मणक्यांइतका किंवा त्याहून लांब असेल, तर ॲक्वापोरिन आणि मॉग (मायलिनवरच्या एका प्रथिनाविरुद्धची अँटीबॉडी) या दोन रक्ततपासण्या झाल्यात का ते विचारा. हा प्रश्न विचारल्याबद्दल कुठला चांगला डॉक्टर रागावणार नाही.

वडगावची_वहिनी

वाचून दाखवलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण रात्री भाकरी त्यांनीच थापली. मी चुलीपुढं बसले की डोळ्यापुढं धूसर होतं हे त्यांना खोटं वाटायचं.

खानापूरच्या_बाई

वहिनी, ते खोटं नाही. १८९० मध्ये विल्हेल्म उहथॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी श्रम केले की असं धूसर दिसतं हे लिहून ठेवलंय. खरं कारण अंगाची उष्णता, हे पुढं कळलं. मायलिन गेलेल्या तंतूत संदेश कसाबसा जात असतो. अंगाचा ताप अर्धा अंश वाढला तरी सोडियमची दारं लवकर मिटतात आणि संदेश वाटेतच विरतो. आमच्याकडे बंबाचं कडकडीत पाणी घेतलं की न्हाणीघरातून बाहेर येताना डावा पाय उंबऱ्याला अडकायचा. अर्ध्या तासात ठीक. पूर्वी डॉक्टर गरम पाण्याच्या टबात बसवून निदान करत म्हणे. यात नवं नुकसान होत नाही, म्हणून घाबरू नका. कोमट पाणी, गळ्याला ओला टॉवेल, शेतात जायचं तर सकाळी. पण त्रास चोवीस तासांच्या वर टिकला तर तो उन्हाचा नाही, फोन करा.

यळ्ळूरकर

आमच्या मेहुण्याला एकानं स्टेम सेल इंजेक्शन घ्या, मुळापासून जाईल म्हणून सांगितलंय. शेत गहाण टाकायच्या विचारात आहेत. खरं काय?

अथणीची_न्यूरो

शेत वाचवा दादा. दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव पडलंय. एक खरी: रुग्णाच्याच रक्तातल्या मूळ पेशी काढून ठेवतात, केमोथेरपीनं जुनी प्रतिकारशक्ती जवळजवळ पुसतात आणि मग त्या पेशी परत देतात. तरुण, वरचेवर अटॅक येणाऱ्या, इतर औषधांना दाद न देणाऱ्या निवडक रुग्णांत तिचा चांगला उपयोग होतो. ती मोठ्या रुग्णालयाच्या बोनमॅरो विभागात होते, आणि जिवाला धोकाही असतो. दुसरी: क्लिनिकमध्ये पाठीत एक सुई, लाखो रुपये. तिनं तुटलेला तंतू जोडला जातो याला पुरावा नाही.

मायलिन परत चढवायचे प्रयत्न चालू आहेत. २०१७ मध्ये क्लेमास्टिन या जुन्या ॲलर्जीच्या औषधानं ५० रुग्णांत डोळ्याच्या तंतूचा वेग किंचित सुधारला. लोकांनी लगेच दुकानातून आणून खायला सुरुवात केली. नंतरच्या दुसऱ्या चाचणीत, हळूहळू वाढणाऱ्या प्रकारात, काहींचं अपंगत्व उलट वेगानं वाढलं. निखाऱ्याबद्दल बाईंनी लिहिलंय, तिथं टोलेब्रुटिनिबनं २०२४ मध्ये पहिल्यांदा दार किलकिलं केलं. ही गोळी मेंदूच्या आत जाऊन मायक्रोग्लियालाही शांत करते. अटॅक थांबूनही खालावत जाणाऱ्यांत अपंगत्व वाढण्याचा धोका ३१ टक्क्यांनी कमी झाला. यकृताला गंभीर अपाय हा तिचा काटा आहे, आणि अटॅक कमी करण्यात ती टेरिफ्लुनोमाइड या जुन्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. त्यामुळं लाटा आणि निखारा या वेगळ्या यंत्रणा आहेत, या मताला मात्र बळ मिळालं.

निपाणीकर

बाई, ताई, सगळ्यांना सांगायला आलोय. एमआरआय झाला. मेंदूत चार नवे डाग आणि मानेत एक, औषध टोचल्यावर उजळणारे. डॉक्टर म्हणाले उसळी आहे, पण लवकर आलात. पाच दिवस सलाईन झालं. हाताची बोटं हलतात, अजून काडेपेटी ओढता येत नाही. तुम्ही सांगितलेल्या दोन्ही रक्ततपासण्या पूर्वी झाल्याच नव्हत्या, आता केल्या, दोन्ही निगेटिव्ह. कावीळ आणि टीबीचा रिपोर्ट आला की रिटक्सिमॅब द्यायचं ठरलंय.

तिनं गोळ्या खर्चामुळं बंद केल्या होत्या. मला सांगितलंच नव्हतं. माझ्या मुलीची फी भरायची होती त्या महिन्यात.

दवाखान्यात कुणीतरी म्हणालं की अपंगत्वाचं कार्ड निघतं. खरं आहे का?

खानापूरच्या_बाई

खरं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात एमएसचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. बऱ्याच सवलतींना ४० टक्के लागतात. सलाईननंतर लगेच जाऊ नका, हात किती परत येतो ते आधी कळू दे. एमआरआय, डिस्चार्ज कार्ड, डोळ्याच्या तपासणीचा कागद, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स ठेवा. थकवा कागदावर दिसत नाही, म्हणून ती दिवसात किती वेळा आडवी होते ते आठवडाभर वहीत लिहून न्या.

निपाणीकर

त्या कार्डाची माहिती सगळी कन्नडात आहे. मला बोलता येतं, वाचायला अडतं.

चिकोडीचा_गुरुजी

आमच्या ताईंचं काम मीच केलंय, कन्नड वाचता-लिहिता येतं. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा असते, साडेअकराला बसस्टँडसमोर भेटा. तिचं आधार आणि दोन फोटो आणा. तिला आणू नका, ऊन फार आहे.